अहिररावबाई आणि सॅमचा खटला

"सर, हा रंग तुम्हाला कुणाच्या अंगावर दिसला हो?"

अहिररावबाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम प्रश्नच.

शाळा उघडण्याचा दिवस होता. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या अलीकडे, वसाहतीच्या तोंडाशी आमची शाळा. मी तिथला चित्रकलेचा शिक्षक, सोनवणे. उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवडे राबून मी शाळेच्या दर्शनी भिंतीवर मोठं चित्र काढलं होतं. अठरा मुलंमुली हातात हात घालून शाळेला निघालेली. चहाचा कप घेऊन मी त्या भिंतीसमोर अशा बेताने उभा होतो, की चित्रकार कोण हे कुणाला विचारावं लागू नये. तेवढ्यात खांद्याला पिशवी लावलेल्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या अशा इंग्रजीच्या नव्या बाई आल्या आणि त्यांनी तो प्रश्न टाकला.

"हा ना? हा स्किन कलर," मी म्हणालो. "डबीत असाच येतो."

बाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात भिंतीवरच्या एका गुलाबी पोराच्या गालाशी टेकवला. मग माझ्या कप धरलेल्या हाताकडे पाहिलं. "माझी स्किन तर ह्या डबीत नाही. तुमचीही नाही. मग ही अठरा पोरं कुठून बदली होऊन आली?" एवढं बोलून त्या हसत हसत हजेरीपत्रकावर सही करायला निघून गेल्या. माझा चहा गार झाला. पुढचे आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही, आणि त्यांना ते कळलंसुद्धा नाही, ह्याचा मला जास्त राग आला.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र मी गुपचूप शाळेत जाऊन त्या अठराही पोरांना वेगवेगळे रंग दिले. गव्हाळ, तांबूस, सावळा, चांगला पक्का काळा. बाईंनी सुट्टीनंतर ते पाहिलं आणि म्हणाल्या, "हां, आता ही आपल्या हजेरीतली वाटतात." मी खूश झालो. आपण सुधारलो असं मला वाटलं. भिंतीवरचे रंग बदलणं सोपं असतं हो, डोक्यातले कुठे बदलले होते! ते पुढे सांगतोच.

बाई मूळच्या कळवणकडच्या. बोलायच्या शुद्ध, अगदी पुस्तकी मराठी, आणि इंग्रजी तर अशी की मुख्याध्यापक त्यांच्यासमोर इंग्रजीत बोलायचं टाळत. पण राग आला किंवा फार आनंद झाला की त्यांच्या तोंडातून अहिराणी बाहेर पडायची, आणि समोरचा मुख्याध्यापक असो की शिपाई, त्याला सरळ अरेतुरे व्हायचं. राहायच्या नाशिकला, द्वारका चौकाजवळ. रोज सकाळी शहर बसने नाशिकरोड, तिथून भरलेल्या रिक्षात चौथी सीट. रिक्षावाल्यांची पोरं कोणत्या शाळेत आहेत, कुणाचं गणित कच्चं आहे, सगळं त्यांना ठाऊक. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. एक भाकरी त्यांची, दोन वाटायच्या.

स्वतःच्या रंगावर त्या इतक्या मोकळेपणाने बोलायच्या की ऐकणाराच अवघडायचा. "मला सात जणांनी नाकारलं, सर," त्या शिक्षकखोलीत सगळ्यांदेखत सांगायच्या. "पोहे करून करून माझी आई दमली. आठवा आला तो चष्मा घरी विसरून आला होता, म्हणून जमलं." मग जरा थांबून म्हणायच्या, "दुसऱ्या दिवशी चष्मा लावून पुन्हा आले हो आमचे हे. म्हणाले, मला नीट बघायचं होतं. बघितलं, आणि साखरपुड्याची तारीखच विचारली." हे सांगताना त्या लाजायच्या. सत्तावन्न वर्षांची बाई अशी लाजताना मी दुसरी पाहिली नाही.

एकलहऱ्यात रंगाचं एक वेगळंच प्रकरण आहे. इथे कोळसा येतो, जळतो आणि त्याची राख होते. वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतो. तरीही आमच्या पोरांना कातडीच्या छटा बरोबर कळतात. नववी 'ब'मधल्या रोहिणी भोयेला ती पोरं "कोळसा" म्हणायची. रोहिणी सुरगाण्याकडची. तिचे वडील वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कोळशाच्या वाघिणी रिकाम्या करायचं काम करत. ती वर्गात शेवटच्या बाकावर बसायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही. मी तिला दोन वर्षं चित्रकला शिकवली. तिचा आवाज कसा आहे हे मला सांगता आलं नसतं.

बाईंनी नववी 'ब'ला दर शनिवारी, शेवटच्या तासाला एक जुनी अमेरिकन कादंबरी वाचून दाखवायला सुरुवात केली. तिचं नाव मला आजही माहीत नाही. बाईंच्या प्रतीचं मुखपृष्ठ गेलेलं, पहिली आठ पानं गायब, आणि "नाव काय करायचंय, गोष्ट ऐका," हे त्यांचं उत्तर. पोरं तिला "सॅमचं पुस्तक" म्हणायची. कापसाचं एक गाव. तिथली सूतगिरणी जळते. गिरणीच्या गोऱ्या मालकाने ती स्वतःच पेटवलेली असते, हे अर्ध्या गावाला ठाऊक असतं. पण पकडला जातो तिथला हमाल सॅम, कारण तो काळा. खटला चालतो, आणि बारा गोरे गावकरी पंच म्हणून निकाल द्यायला बसतात. बाई एक परिच्छेद इंग्रजीत वाचायच्या आणि लगेच मराठीत सांगायच्या. माझा तो तास मोकळा असायचा. मी "खिडकी दुरुस्त आहे का बघतो" असं सांगून मागे उभा राहायचो. ती खिडकी मी चार महिने बघत होतो.

त्या पुस्तकात काळ्या माणसांसाठी एक घाणेरडी शिवी पानोपानी होती. बाई ती उच्चारायच्या नाहीत. ती आली की त्या हातातलं लाकडी डस्टर टेबलावर आपटायच्या. टक. पुढे वाचायच्या. पुन्हा टक. पहिल्या दिवशी पोरं हसली. तिसऱ्या शनिवारपर्यंत हसणं थांबलं. एका पानावर तर एवढी टकटक झाली की शेजारच्या वर्गातून पाटीलसर काय ठोकताय म्हणून बघायला आले.

"बाई, तो शब्द सांगा की एकदा," चिन्मय म्हणाला. चिन्मय म्हणजे वीजकेंद्रातल्या इंजिनिअरचा मुलगा. गोरापान, हुशार, आणि तोंडाने फाटका.

"कशाला? तुमच्याकडे नाहीत का असे शब्द?" बाई म्हणाल्या. "आपापला आठवा."

दोन-चार पोरांनी मागच्या बाकाकडे पाहिलं आणि पटकन मान वळवली. त्या आठवड्यात बाई व्हरांड्यातून चालल्या होत्या. समोरून कुणीतरी ओरडलं, "ए कोळसा!" बाईंच्या हातात डस्टर होतंच. त्यांनी दारावर आपटलं. टक. एक शब्द बोलल्या नाहीत, पुढे गेल्या. तो पोरगा माझ्याकडे येऊन म्हणाला, "सर, बाईंना ओरडायला सांगा ना. हे टक लय लागतं."

आणखी एक त्यांची सवय. पान संपलं की विचारायच्या, "ह्या पानावर कोण गप्प होतं?" पोरं शोधायची. पाणी आणून देणारी मोलकरीण गप्प होती. सॅमची बायको गप्प होती. खटल्याची सगळी पानं चाळून पोरांनी शोध लावला, की ज्याच्या जिवावर बेतलंय तो सॅम जेमतेम दीड पान बोलतो. बाकी सगळं त्याच्याविषयी दुसरेच बोलतात. "लेखक चांगला होता," बाई म्हणाल्या, "मनाचा मोठा होता. पण त्यालाही विचारायचं सुचलं नाही. चांगल्या माणसांकडूनच ही चूक होते. वाईट माणसं तर विचारतच नाहीत, त्यात नवल काय?" मी खिडकीपाशी जोरजोरात मान हलवली. मला वाटलं, किती खरं आहे!

दिवाळीनंतर गॅदरिंगची गडबड सुरू झाली. नववी 'ब'ने ठरवलं की सॅमचा खटला बसवायचा. बाईंनी मराठीत नाटक लिहून दिलं. दिग्दर्शन माझं. आमच्या शाळेत दर वर्षी नाटक मीच बसवतो, आणि ते मी उत्तम बसवतो असं माझं मत होतं. शनिवारी बाईंना परीक्षेच्या बैठकीला जावं लागलं, तेव्हा पात्रं वाटायला मी एकटाच वर्गात गेलो.

आता नीट ऐका, कारण हे सांगताना आजही मला घाम फुटतो. मी विचारलं, "वकील कोणाला व्हायचंय?" हात वर झाले, एकाला दिलं. "न्यायाधीश?" दिलं. मालक, पंच, शिपाई, सगळं विचारून विचारून दिलं. मालक झाला चिन्मय. मग सॅम राहिला. मी विचारलं नाही. सगळ्यांच्या डोक्यावरून बघितलं, शेवटच्या बाकाकडे बोट केलं आणि म्हणालो, "रोहिणी, तू सॅम."

पुरुषाची भूमिका, आणि मुलीला. वर्गात पंचवीस मुलगे बसलेले. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. चिन्मय म्हणाला, "बरं झालं, मेकअप नको!" वर्ग खदाखदा हसला.

आणि मीही हसलो.

सोमवारी रोहिणी आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. गुरुवारी तिचे वडील शिक्षकखोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. चप्पल बाहेर काढून, टोपी हातात घेऊन.

"दाखला पायजे व्हता, सर," ते म्हणाले. "पोरगी म्हन्ते, नाय जायाचं शाळंत. तिच्या मावशीकडं धाडतो गावाला. तिकडं द्राक्षाच्या बागेत कामाला जाती मावशी. हीबी जाईल."

"अहो, पण का?" बाईंनी विचारलं. "इंग्रजीत वर्गात पहिली आहे ती."

"तेच म्या बोल्लो. ती कायच सांगत नाय, बाई. निस्ती रडती." मग ते जरा ओशाळून म्हणाले, "तुमी लोकांनी लय केलं तिचं."

बाईंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, दाखल्याचा अर्ज लिहून घेतला आणि कपाटात ठेवला. ते गेल्यावर माझ्याकडे वळल्या. "शनिवारी काय झालं वर्गात?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. चिन्मय काय म्हणाला तेही सांगितलं, आणि त्याच्यावर जरा जास्त भर दिला.

"मग वर्ग हसला," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

मी टेबलावरची खडूची भुकटी पुसायला लागलो.

"तुले लाज नही वाटनी का रे, भाऊ?" त्या एवढ्या जोरात बोलल्या की शिपाई आत येऊन पाहून गेला. "चार महिने त्या खिडकीशी उभा राहून तुले काय समजनं? माले सांग!"

मला काय समजलं होतं? मला समजलं होतं की अमेरिकेतले गोरे फार वाईट होते. मान खाली घालून मी म्हणालो, "मी आत्ता जातो, बाई. तिची माफी मागतो."

"मुळीच नाही," बाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता, आणि त्या पुन्हा शुद्ध मराठीत आल्या होत्या, ते मला जास्त लागलं. "माफी मागून तुम्ही मोकळे व्हाल. ती 'असू दे सर' म्हणेल, कारण सरांना दुसरं काय म्हणायचं असतं? मग ती द्राक्षं तोडायला जाईल, आणि तुम्हाला रात्री छान झोप लागेल. चला माझ्याबरोबर, पण तोंड उघडायचं नाही."

संध्याकाळी आम्ही मजुरांच्या चाळीत गेलो. पत्र्याची खोली, दारात तुळस. रोहिणीने आम्हाला पाहिलं आणि ती आत वळली. तिच्या आईने चहा टाकला. बाई जमिनीवर मांडी घालून बसल्या, मीही बसलो.

"रोहिणी, मी तुला शाळेत चल म्हणायला आले नाही," बाई म्हणाल्या. "एकच विचारायचं होतं. त्या नाटकात तुला काय व्हायचं होतं?"

आतून आवाज आला, "सरांनी सगळ्यांना विचारलं. मला नाय विचारलं. बोट केलं."

"हो. म्हणून मी आता विचारतेय."

रोहिणी दारात आली. माझ्याकडे बघितलं नाही. "मला गिरणीचा मालक व्हायचं होतं," ती म्हणाली.

ती वकील म्हणेल, ह्याची मी तयारी करून बसलो होतो. अगदी न्यायाधीशाचीसुद्धा. मालक? तो खोटारडा, पोट सुटलेला, सॅमला फासावर द्यायला निघालेला गोरा मालक? बाईंच्याही भुवया वर गेल्या. "का गं?"

"सगळ्यात जास्त खोटं तोच बोलतो, बाई. खोटं बोलायला लय मजा येईल." आणि ती उभी राहिली, पोट पुढे काढलं, अंगावर नसलेल्या कोटाच्या खिशात अंगठा खुपसला आणि साक्षीच्या पिंजऱ्यातलं मालकाचं अख्खं भाषण धडाधड म्हणून दाखवलं. शनिवारी ऐकून ऐकून तिचं पाठ झालं होतं. काय तो आवाज! पत्रा दणाणला. सगळ्यांत आधी तिचे वडील हसले. मग आई, मग बाई पदर तोंडाला लावून. मला हसावं की नाही ते कळेना, तर रोहिणीच म्हणाली, "सर, ही हसायची जागा आहे."

निघताना बाई तिच्या वडिलांना म्हणाल्या, "गॅदरिंगपर्यंत तिला येऊ द्या. त्यानंतरही ती नको म्हणाली तर दाखला मी स्वतः घरी आणून देईन. शब्द देते." वडिलांनी रोहिणीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मालकाचं काम देणार असाल तर येते."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी दोन फर्मानं काढली. एक, ज्याला जे मागायचं ते मागू द्या, आणि दोघांनी एकच मागितलं तर चिठ्ठी. दोन, चेहऱ्याला कुणीही काहीही लावायचं नाही. ना पावडर, ना काजळ. माझा मेकअपचा डबा तेव्हापासून बंद आहे. मालकासाठी चिन्मय आणि रोहिणी दोघंही उभे राहिले. चिठ्ठी टाकण्याआधी बाईंनी दोघांकडून भाषण म्हणून घेतलं. रोहिणीचं अर्धं झालं नसेल, तोच चिन्मय खाली बसला. "हिलाच द्या, बाई," तो म्हणाला. पोरगं तोंडाने फाटकं होतं, पण मनाने खोटं नव्हतं. सॅम कुणीच मागितला नाही. चिठ्ठ्या टाकल्या, बाईंच्या डब्याच्या झाकणात. निघाला चिन्मय.

दोन दिवसांनी त्याच्या आई हजर. "बाई, अहो चिन्मयला काळ्या माणसाचा रोल? त्याच्या आजी गावाहून येणारेत नाटक बघायला."

"वा! त्यांना पहिल्या रांगेत बसवते," बाई म्हणाल्या.

"बरं, मग निदान तोंडाला काळं तरी फासा त्याच्या. नाहीतर लोकांना कळणार कसं?"

"आमच्याकडे तोंडाला काळं चोराच्या फासतात, ताई," बाई गोड हसून म्हणाल्या. "हा तर निर्दोष आहे."

त्या माउली काही बोलायच्या आतच बाईंनी त्यांच्यापुढे भाकरी-चटणी ठेवली. जाताना त्या नवऱ्याचा जुना कोट मालकाच्या वेषासाठी देते असं कबूल करून गेल्या. हे बाईंना कसं जमायचं, मला माहीत नाही. मी असतो तर तिथे भांडण झालं असतं.

गॅदरिंगची संध्याकाळ आली. मैदानात मांडव, पुढे पाहुणे, मागे वाघिणींवरचे मजूर पाळी संपवून तसेच आलेले. मी विंगेत पडद्याची दोरी धरून. रोहिणी त्या ढगळ कोटात, हातात काठी घेऊन आली आणि मांडवच तिच्या ताब्यात गेला. जिथे शिवी होती तिथे ती काठी आपटायची. टक. पहिल्या दोन वेळा लोक हसले. मग लहान पोरंसुद्धा हसेनाशी झाली.

वकिलाने विचारलं, "रात्रीची वेळ, धूर, अंधार. तुम्ही ह्याला ओळखलंत कसं?"

लिहिलेलं वाक्य होतं, "ही माणसं मला चांगली ठाऊक आहेत." रोहिणीने ते म्हटलं नाही. तिने मान वळवली आणि विंगेत, सरळ माझ्याकडे पाहिलं. "ओळखायचं काय त्यात?" ती म्हणाली. "एकदा रंग बघितला की झालं. बाकीचं बघायला वेळ कुणाला आहे? बोट केलं, झालं."

मांडवात टाळी पडली. माझ्या हातातली दोरी सुटता सुटता राहिली. दोन-अडीचशे माणसांतल्या बहुतेकांना त्या वाक्याचा पत्ता माहीत नव्हता. तिला, मला आणि बाईंना होता. बाई पलीकडच्या विंगेत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, एवढी दया केली.

मग पंच उठले आणि म्हणाले, "दोषी!" चिन्मय पिंजऱ्यात उभा होता, गोरापान, घामाघूम, ओठ थरथरत. नाटकात त्याने इथे गप्प राहायचं होतं, आणि तो अगदी मनापासून गप्प राहिला. तेवढ्यात पहिल्या रांगेतून त्याची आजी ताडकन उठली. "अरे, त्यानं काही केलेलं नाही रे!" ती ओरडली. "त्याला सोडा आधी!"

कुणी हसलं नाही. मागच्या मजुरांतून एकजण म्हणाला, "बरोबर बोल्ली आजी!" मी पडदा ओढला.

नंतर रंगमंचामागे सगळा गोंधळ. रोहिणीचे वडील गर्दीतून वाट काढत बाईंकडे आले. बाई म्हणाल्या, "दाखल्याचा अर्ज कपाटात आहे. सकाळी तयार करू?"

"फाडून टाका, बाई," ते म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. "तीच बोल्ली आत्ता. म्हन्ली, फाडायला सांग."

मी बाईंना बाजूला गाठलं. "आता तरी मागू का माफी?"

"मागा की," बाई म्हणाल्या. "पण ती देईलच असं धरून जाऊ नका. द्यायची की नाही, तिची मर्जी."

रोहिणी कोट उतरवून घडी घालत होती. मी म्हणालो, "रोहिणी, त्या शनिवारी मी चुकलो. बोट केलं ते चुकलं, आणि हसलो ते त्याहून चुकलं. मला माफ कर." आयुष्यात विद्यार्थ्याची माफी मागायची ही माझी पहिलीच वेळ होती. वाक्यं मी तीन दिवस पाठ केली होती.

तिने घडी पुरी केली. मग म्हणाली, "सर, तुम्ही हसला होतात ते मला आठवतंय. ते आठवतच राहील. पण पुढच्या वर्षी नाटक मी बसवणार."

मी बाईंना जाऊन सांगितलं. त्या एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "काय पोरगी शे!" म्हणाल्या. "काय पोरगी शे!"

मे महिन्यात बाई निवृत्त झाल्या आणि नवराबायको दोघं कळवणला गेली, मळ्यात राहायला. निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं नाही, सगळ्यांना भाकरी-चटणी वाढली. शाळेत आता त्यांच्या वर्गावर एक तरुण बाई आहेत. त्या बऱ्या आहेत. पण शनिवारचा शेवटचा तास मला जात नाही. खिडकी तर कधीच दुरुस्त झालेली आहे.

यंदा रोहिणी दहावीत. दहावीने गॅदरिंगमध्ये भाग घ्यायचा नाही असा नियम आहे. ती मुख्याध्यापकांना म्हणाली, "मी भाग घेत नाही, सर. मी नाटक बसवते." ते आधी इंग्रजीत नाही म्हणायला गेले, मग मराठीत हो म्हणाले. नाटक तिने स्वतःच लिहिलंय, सुरगाण्याच्या बाजूच्या एका गावाचं. पहिल्या तालमीला तिने वही उघडली आणि एकेकाला विचारत गेली, तुला काय व्हायचंय? भिंतीशी टेकून मी आपला पडद्याच्या दोरीची वाट बघत होतो. ती माझ्यासमोर येऊन थांबली.

"सर, तुम्हाला काय व्हायचंय?"

सव्वीस वर्षं मी नाटकं बसवली. मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनापासून मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "पोस्टमन आहे का?" तिने वहीत बघितलं. "आहे. दोन वाक्यं. चालेल?"

संध्याकाळी मी कळवणला फोन लावला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, आणि विचारलं, "माफ केलं का तिनं?"

"नाही, बाई. तो विषयच काढला नाही. पण नाटकात घेतलं."

पलीकडून बाईंचं ते हसू. "मंग आते आखो काय जोयजे तुले?"

आता आणखी काय हवंय तुला, असं विचारत होत्या त्या. मला खरंच काही नको होतं. एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला, कारण वाक्यं पाठ करायची होती आणि रोहिणीला चूक चालत नाही.